कोरा फ्लॅश

माझा उजवा अंगठा अजून हलतो. फोटो काढला की आपोआप बाजूला जातो, काहीतरी ओढायला बघतो आणि काही सापडलं नाही की मुकाट्याने परत येतो. डिजिटल कॅमेरा हातात येऊन वीस वर्षं होत आली, तरी त्या येड्याला अजून पत्ता नाही.

रोलच्या कॅमेऱ्याला वर उजवीकडे एक छोटा दांडा असायचा. फोटो काढला की तो अंगठ्याने ओढायचा, करर्र आवाज व्हायचा, आतली फिल्म एक घर पुढे सरकायची. दांडा ओढल्याशिवाय पुढचा फोटो निघायचाच नाही, बटणच दाबलं जायचं नाही. लग्न, बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, वाढदिवस... किती वेळा ओढला असेल तो दांडा, देव जाणे. तेव्हा अंगठ्याला शिव्या घालून उपयोग नाही. तो इमानदार आहे. लबाडी डाव्या अंगठ्याने केली, आणि तीच सांगायला बसलोय.

घाटकोपरला माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणायचं आपलं. जिन्याखालचा गाळा, पुढे काउंटर, मागे पडदा, पडद्यामागे एक स्टूल आणि निळा कपडा. वडील मालवणकडचे, इथे गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा हातात जे काही आलं त्यातून त्यांनी मला कॅमेरा घेऊन दिला आणि मग जन्मभर ऐकवलं, "लोकांची तोंडां बघून पोट भरता काय?" भरलं की. त्यांचंही भरलं, पण ते त्यांनी कधी कबूल केलं नाही.

डिजिटलचं वारं सुटलं तेव्हा मी शेवटपर्यंत अडून बसलो. आजूबाजूच्या सगळ्यांनी नवे कॅमेरे घेतले, मी आपला रोल घालतोय आणि काढतोय. मुलुंडचं एक मोठं लग्न त्यामुळे हातचं गेलं. मुलीचे वडील दुकानात येऊन बसले, चहा प्याले आणि विचारलं, "तुमच्याकडे डिजिटल आहे ना?" मी म्हटलं, "माझ्याकडे नजर आहे." ते हसले, कप खाली ठेवला आणि दुसऱ्याकडे गेले. मला इतका राग आला की त्यांचा कप मी दोन दिवस धुवायला टाकला नाही.

बायको म्हणाली, "नजर घेऊन बसा तुम्ही. मी क्लास लावते." आणि खरंच लावला. दुपारचं जेवण आटोपलं की ती वही घेऊन स्टेशनसमोरच्या कॉम्प्युटर क्लासला जायची, कॉलेजच्या पोरींच्या रांगेत बसायची. तीन महिन्यांत ती फोटोतले मुरूम घालवायला, काळ्या ढगांचं निळं आभाळ करायला, मिटलेला डोळा दुसऱ्या फोटोतून आणून बसवायला शिकली. मग तिने तिच्या माहेरच्या बांगड्या मोडायची भाषा सुरू केली. मी हात टेकले. बांगड्या राहिल्या, कॅमेरा आला.

आणि माझी वाट लागली! कॅमेरा चालवणं कठीण नव्हतं हो. कठीण होता तो मागचा पडदा. फोटो काढला की लगेच तिथे दिसायचा, आणि लोकांना ते कळलं होतं. "दाखवा ना." "ए, बघू, बघू." "माझं पोट दिसतंय, परत काढा." नवरी स्टेजवरून उतरून माझ्या खांद्यावरून डोकवायची. पूर्वी लग्न झाल्यावर पंधरा दिवस कोणाला काही कळायचं नाही. अल्बम मी देईन तेव्हा, मी देईन तसा. त्या पंधरा दिवसांत मी राजा असायचो. आता कोण कुठली सात वर्षांची कार्टी मला सांगायला लागली, "काका, हलला."

या सगळ्यात मला वाईट वाटायचं ते मी सगळ्यांना सांगायचो. एक गोष्ट मात्र सांगायचो नाही. ती म्हणजे कोरा फ्लॅश.

हे काय असतं ते आताच्या माणसांना माहीत असायचं कारण नाही. एका रोलमध्ये छत्तीस फोटो. लग्नाला ठरलेले तीन रोल, पुढचे पदरचे. आणि लग्नात फोटो मागणारी माणसं तीनशे. मुलं समोर येऊन नाचणार, लांबचा कोणी मामा मिशीला पीळ देऊन उभा राहणार, बायका "आमचा एक काढा की ओ" म्हणत हात धरणार. नाही म्हटलं तर रुसवे. मग आम्ही काय करायचो? फ्लॅश कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला पट्टीवर बसवलेला असायचा. त्याच्या पाठीवर एक लाल बटण असायचं, फ्लॅश चालतोय का ते तपासायला. ते दाबलं की नुसता उजेड पडायचा. फिल्मला काही पत्ताच नाही. कॅमेरा डोळ्याला लावायचा, "हसा जरा" म्हणायचं, डाव्या अंगठ्याने लाल बटण दाबायचं, "झाला!" म्हणायचं. माणूस खूष, रोल वाचला. बँडच्या ढणढणाटात शटरचा आवाज आला की नाही हे ऐकतंय कोण?

माझ्या उस्तादाने मला हे पहिल्याच लग्नात शिकवलं होतं. धंद्यातले सगळे करायचे. नंतर कोणी विचारलंच, आमचा फोटो अल्बममध्ये कसा नाही, तर उत्तर ठरलेलं होतं: "त्या फोटोला लाईट लागली." म्हणजे रोलमध्ये उजेड शिरला, फोटो जळाला, आमचा नाइलाज. बोलताना चेहरा जरा पाडायचा. लोक बिचारे उलट आपलीच समजूत काढायचे, "जाऊ द्या हो, होतं कधीकधी."

डिजिटल आल्यावर कोरा फ्लॅश एका दिवसात मेला. कार्डावर शेकडो फोटो मावतात, वाचवायचं काय? आणि वर मागचा पडदा, लबाडी केली तर जागेवर पकडले जाणार. मनातून मला हायसं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो. रोलबरोबर तेही गेलं.

तेव्हाच बायकोने दुकानावर नवा बोर्ड लावला. लाल अक्षरात: जुने, फाटलेले, खराब झालेले फोटो नवीनसारखे करून मिळतील. आणि माळ्यावरचे निगेटिव्हचे खोके काढायचं माझ्या मागे लागली. "रद्दीवाला घेतो म्हणतोय. त्यातून चांदी काढतात म्हणे. सोमवारी बोलावते त्याला." मी म्हटलं, बोलाव. तरी खोके खाली काढायला माझा हात काही वर जात नव्हता. पंचवीस वर्षांची माणसं होती त्यात.

त्या आठवड्यात, भर दुपारी, एक बाई दुकानात आली. तिशीची असेल. ऑफिसात काम करणारी, नीटनेटकी, खांद्याला पर्स. प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने एक अल्बम काढून काउंटरवर ठेवला. अल्बम मी लगेच ओळखला. लाल मखमलीचा, कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचं सोनेरी स्टिकर.

"दादा, माझ्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढले होते. गोवंडीला. आठ वर्षं झाली."

मी अल्बम उघडला. बौद्ध पद्धतीचं लग्न, पांढऱ्या कपड्यांतले नवरानवरी, मेणबत्त्या, निळ्या पताका. फोटो चांगले होते. मी जरा सुखावलो.

"माझी आई गेली," ती म्हणाली. "महिना होईल आता. येत्या रविवारी पुण्यानुमोदन आहे. सगळे जमतील, आणि समोर ठेवायला तिचा फोटो नाही."

"एकही नाही?"

"मतदानाच्या कार्डावर आहे, त्यात दुसरीच कोणी बाई वाटते. आणि ह्यात दोन आहेत." तिने पानं उलटून दाखवली. एकात आई पंगतीत वाढत होती, पाठमोरी. दुसऱ्यात मोठ्या ग्रुपमध्ये मागे उभी, डोळे मिटलेले. "हा कसा ठेवू? माणूस गेलंय आणि फोटोतसुद्धा डोळे मिटलेले."

मी म्हटलं, "डोळे उघडता येतात आता. पण दुसऱ्या फोटोत उघडे असले पाहिजेत, तिथून घेऊन बसवायचे."

"तो नको. मला तुम्ही काढलेला तिचा एकटीचा पाहिजे."

"एकटीचा?"

"काढला होतात ना. जेवणं सुरू झाली होती. आई स्टेजजवळ आली आणि तुम्हाला म्हणाली, माझा एकटीचा एक काढा. ती कधी काही मागायची नाही, म्हणून मला लक्षात आहे. मी स्टेजवरून बघत होते. फ्लॅश पडला. नंतर अल्बम घ्यायला आले तेव्हा मी तुम्हाला विचारलं, तर तुम्ही म्हणालात, त्या फोटोला लाईट लागली." ती जरा पुढे झुकली. "दादा, तुमचा बोर्ड वाचला मी बसमधून. खराब झालेले फोटो सुधारून मिळतील. मग लाईट लागलेला असला तरी काही ना काही असेलच ना त्या निगेटिव्हवर? जेवढं असेल तेवढं काढा. चेहरा नुसता दिसला तरी चालेल."

मी अल्बम मिटला. मला तिची आई आठवत नव्हती, लग्नही आठवत नव्हतं. पण एकटीचा, जेवणाच्या वेळी, म्हणजे तिसऱ्या रोलच्या शेवटी. तिने सांगायची गरज नव्हती, तिथे मी काय केलं असणार ते मला पक्कं माहीत होतं. आणि तोंडाने मी काय म्हणालो? "शोधतो, ताई. शनिवारी या."

अल्बम माझ्याकडे ठेवून ती गेली आणि पडद्यामागून बायको बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. कोरा फ्लॅश तिला माहीत होता, लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच मोठ्या फुशारकीने सांगितला होता. "आता कित्याक घाम फुटता तुमका?" ती म्हणाली. रागावली की ती मालवणीत घुसते. "कशाला सांगितलंत शनिवारी या? काय देणार आहात तिला शनिवारी?"

"तुला काय जातंय बोलायला!" मी ओरडलो. "तो बोर्ड कोणी लावला?"

"बोर्ड मी लावला. फ्लॅश कोणी मारला?"

मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

दोन दिवस खोके उपसले. धूळ, झुरळं, चिकटलेली पाकिटं. गोवंडीचं पाकीट दुसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. निगेटिव्हच्या पट्ट्या मी ट्यूबलाइटसमोर धरल्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, काळे केस पांढरे, पांढऱ्या साड्या काळ्या. तिसरा रोल. सव्वीस: नवरानवरी आणि कोणी काका. सत्तावीस: नवरानवरी आणि नवऱ्याचे मित्र. अठ्ठावीस: सुटाबुटातला एक गृहस्थ, त्याची बायको, दोन मुलं. नवऱ्याच्या ऑफिसातला साहेब असणार. मध्ये एकट्या बाईचा फोटो नाही. जागासुद्धा रिकामी नाही. दात पडला तर खिंडार तरी दिसतं, कोऱ्या फ्लॅशचं काहीच राहत नाही. आकडे कसे सलग, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

साहेब येताना दिसला असेल, रोलमध्ये आठ-नऊच फोटो उरले असतील आणि तेवढ्यात एक साधी बाई मध्ये येऊन म्हणाली असेल, माझा एकटीचा काढा. मी तिच्या साडीकडे बघितलं असेल. जात बघून केलं का, असं मी स्वतःला त्या माळ्यावर बसून विचारलं. नाही असं म्हणायला मला आवडेल. साडी बघून केलं एवढं नक्की, आणि साडी बघणारा माणूस आणखी काय काय बघतो ते मला ठामपणे सांगता येत नाही. साहेबाच्या बायकोवर मी आयुष्यात कधी कोरा फ्लॅश मारला नाही.

पट्टी परत पाकिटात घालणार, तेवढ्यात अठ्ठाविसाव्या फोटोच्या कडेला काहीतरी दिसलं. भिंग घेतलं. साहेबाच्या मुलाच्या पलीकडे, अगदी काठावर, एक बाई उभी होती. एक खांदा कापला गेला होता, पण चेहरा पूर्ण. सरळ उभी, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, एका हाताच्या बोटांना फडकं बांधलेलं आणि तो हात दुसऱ्या हाताखाली अर्धा झाकलेला. फोटोला उभं राहतात तशी उभी होती. मी तिला "झाला, मावशी" म्हणालो असणार आणि जागेवरूनच साहेबाकडे वळलो असणार. आणि ती तिथेच राहिली.

ताडून बघायला वर आणलेला तिचा अल्बम उघडून मी तो फोटो बघितला. त्यात ती नव्हती. प्रिंट काढताना कडेचा भाग थोडा जातो, आणि उरलेला मी अल्बमच्या खणात बसवायला कात्रीने कापला होता. म्हणजे एकदा फ्लॅशने आणि एकदा कात्रीने. मला त्या माळ्यावर रडू आलं. खोटं कशाला सांगू, आलं.

आमच्याकडे निगेटिव्ह कॉम्प्युटरवर घ्यायचं मशीन नव्हतं. मी तसाच अंधेरीला एका लॅबमध्ये गेलो, ती एक चौकट मोठी करून सीडीवर घेतली आणि संध्याकाळी बायकोसमोर ठेवली. ती कॉम्प्युटरवर बसली. साहेब, साहेबीण, मुलं, सगळ्यांना पुसून टाकलं. कापलेला खांदा दुसऱ्या खांद्यावरून उलटा करून बसवला. मागे निळा रंग भरला. हळूहळू पडद्यावर एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, हिरव्या साडीतली, गालाची हाडं वर आलेली. ओठ घट्ट मिटलेले आणि चेहऱ्यावर एक अवघडलेला रुबाब.

"नजर जरा बाजूला गेलीय," बायको म्हणाली. "कॅमेऱ्यात नाही बघत. सरळ करून बघू?"

"नको. राहू दे तशीच."

"बरं." तिने माउस सोडला. "फोटो मी करून दिला. तोंडाने काय सांगायचं ते तुम्ही ठरवा."

"काय सांगायचंय? फोटो मिळाला, विषय संपला."

तिने कॉम्प्युटर बंद केला आणि घरची वाट धरली. न बोलणारी बायको मला सहन होत नाही, बोलणारीची सवय आहे.

शनिवारी ती बाई आली. मी फोटो मोठा काढून, फ्रेम करून, पुठ्ठ्यात बांधून ठेवला होता. तिने दोरी सोडली, पुठ्ठा बाजूला केला आणि दोन्ही हात तोंडावर नेले. मग काचेवरून बोट फिरवत म्हणाली, "हेच फडकं. आदल्या दिवशी भाजलं होतं तिला. मी म्हटलं होतं, लग्नात तरी काढ गं."

मी मान हलवली. माझं काम झालं होतं.

"म्हणजे काढला होतात तुम्ही," ती म्हणाली. रडता रडता तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. "बघा ना, मी तिला सांगत होते. ऐकायचीच नाही."

"काय सांगत होता?"

"अहो, आई म्हणायची, त्याने फोटो काढलाच नाही. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली. गोवंडीत एका गाळ्यात ती प्लॅस्टिकची झाकणं काढायची, हाताच्या मशीनवर. दांडा ओढला की एक झाकण पडतं. अख्खा दिवस तेच. तर म्हणे, तो फोटोवाला प्रत्येक फोटोनंतर दांडा ओढतो, मी बघत होते. माझ्या वेळी त्याने ओढला नाही. दांडा ओढल्याशिवाय नग पडतो का कधी?"

पडद्यामागे बायकोच्या कीबोर्डचा आवाज थांबला.

"मी तिच्याशी भांडले," ती बाई सांगत होती. "म्हटलं, आई, जरा लोकांवर विश्वास ठेवायला शिक. ते दादा चांगले आहेत, त्यांनी स्वतः सांगितलं लाईट लागली म्हणून. तुला सगळीकडे फसवणूकच दिसते. जेव्हा जेव्हा फोटोचा विषय निघायचा तेव्हा हेच. हॉस्पिटलात होती तेव्हासुद्धा मी तिला म्हटलं, तुझा स्वभावच संशयी. शेवटी गप्प बसायला लागली." तिने डोळे पुसले. "आज असती तर दाखवला असता. म्हटलं असतं, बघ, तुझंच चुकलं होतं."

मला गप्प राहता आलं असतं. मनुष्यस्वभाव असा आहे की मी तेव्हाही हिशेब केला, आता ही उठेल, फोटो घेऊन जाईल, दोघांचंही भलं होईल. पण तो फोटो तिच्या हातात साक्षीदार म्हणून होता आणि खोटी साक्ष देत होता. ती माउली जिवंतपणी खरं बोलली होती, आणि मी तिला मेल्यावर खोटं पाडत होतो, तेही फ्रेम करून.

"ताई," मी म्हटलं, "आई खरं सांगत होती."

तिला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. लाल बटण, रोल वाचवणं, सव्वीस सत्तावीस अठ्ठावीस, साहेबाचं कुटुंब, काठावर सापडलेला चेहरा, पुसलेली माणसं. लाईट लागली हे खोटं होतं हेही सांगितलं. बोलताना माझा आवाज इतका बारीक झाला होता की तिला दोनदा "काय?" विचारावं लागलं. "मी माफी मागतो" असं शेवटी म्हणालो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला ओरडणाऱ्या गिऱ्हाइकांची सवय आहे. ती फक्त म्हणाली, "आणि मी तिला आठ वर्षं..." आणि तिथेच थांबली.

मग तिने फ्रेम उचलून उजेडाकडे धरली. आता ती वेगळ्याच तऱ्हेने बघत होती. चेहरा नव्हती बघत, चेहरा कुठे बघतोय ते बघत होती.

"ही तुमच्याकडे बघत नाहीये," ती म्हणाली.

"हो. नजर जरा बाजूला गेलीय."

"बाजूला नाही, दादा." तिने बोट काचेवर ठेवलं, डोळ्यांपासून निघून माझ्या उजव्या हातापर्यंत हवेत रेघ ओढली. "तुमच्या हाताकडे बघतेय. तिला तेव्हाच कळलं होतं. तुम्ही दांडा ओढाल आणि खरा काढाल, म्हणून थांबलीय."

तिने पुठ्ठा परत गुंडाळला, दोरी बांधली, अल्बमसकट पिशवीत घातला आणि गेली. रविवारी तिने तो फोटो समोर ठेवला की नाही, मला माहीत नाही. ठेवला असेल तर जमलेल्या सगळ्यांनी ती वाट बघणारी नजर पाहिली असेल.

सोमवारी रद्दीवाला आला, त्याला मी परत पाठवलं. खोके अजून माळ्यावर आहेत. आता लोक फोटो मोबाइलवर काढतात, माझं दुकान पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतं. कधी एखादी म्हातारी पासपोर्टच्या फोटोला येऊन निळ्या कपड्यासमोर बसते, मी बटण दाबतो, "झाला, मावशी" म्हणतो, आणि ती उठत नाही. तिला वाटतं अजून व्हायचाय. तेव्हा माझा अंगठा बाजूला जातो आणि दांडा शोधतो.